त्याला तांत्रिक म्हणू नकोस

पोरी,

तुझं पत्र काल दोनदा वाचलं. गांजाच्या केसमध्ये सत्र न्यायालयाने दहा वर्षं दिली, खंडपीठाने आरोपीला सोडलं, आणि तू लिहितेस, "सर, तांत्रिक मुद्द्यावर सुटला हो तो." वीस किलोच्या वरचा माल, साक्षीदार सरकारी वकील म्हणून तू स्वतः तपासलेले. संताप येणारच. पण तो शब्द मला टोचला.

नमुन्याची पुडी ठाण्यातून प्रयोगशाळेत पोचेपर्यंत अकरा दिवस कुठे होती, याची मुद्देमाल रजिस्टरला नोंद नाही. लाखेच्या सीलचा ठसा सोबत गेलेला नाही. मग तपासला गेला तो गांजा ह्याच माणसाच्या पोत्यातला, हे कोणी सांगायचं? फौजदाराने? त्याला तांत्रिक म्हणू नकोस. पुरावा नव्हता म्हण.

1994 साली अंबाजोगाईला माझ्याकडे एका सालगड्याची खुनाची केस होती. कुऱ्हाड जप्तीचा पंचनामा सकाळी नऊचा, फिर्याद नोंदली दुपारी एकला. तरी पंचनाम्याच्या डोक्यावर गुन्हा रजिस्टर नंबर, त्याच शाईत, त्याच हाताचा! फिर्याद नोंदल्यावर पडणारा नंबर चार तास आधी आला कुठून? मी पेन्सिलीने खूण केली होती. पण त्याच सकाळी बाररूममध्ये एक ज्येष्ठ वकील म्हणाले होते, "मुद्द्याचं बोला, कीस पाडू नका." मला लाज वाटली. शिवाय मनातून मलाही वाटत होतं, यानेच केलंय. उलटतपासात तो प्रश्न मी विचारलाच नाही. जन्मठेप झाली.

आठ वर्षांनी अपिलात दुसऱ्या वकिलाने तोच नंबर दाखवला आणि शिक्षा रद्द झाली. सुटल्यावर तो घरी आला, ओसरीत बसला. म्हणाला, "वकीलसाहेब, ते लंबराचं तवाच नव्हतं का दिसलं तुम्हाला?"

मी नाही म्हणालो. खोटं बोललो.

तेव्हापासून मी प्रत्येक सील, प्रत्येक वेळ, प्रत्येक सही विचारतो. गुन्हेगार सोडवणारा म्हणतात मला. सोडवलेल्यांत काही दोषी असतील, जाणतो मी. एका मयताची आई कोर्टाच्या पायरीवर माझ्याकडे नुसती बघत राहिली होती; ती नजर अजून जात नाही. पण तिचा न्याय मी हिरावला नाही. ठाण्यात बसून पंचनामा लिहिणाऱ्याने हिरावला. हे मी शंभरदा स्वतःला सांगितलंय, तुलाही सांगतो.

आणि प्रत्येक चुकीवर माणूस सुटत नाही, हे तुला शिकवायला हवं का? फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 465, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 511. चुकीमुळे न्याय विफल झाला असेल तरच शिक्षा उलटते. गावाचं नाव चुकलं म्हणून कोणी घरी जात नाही. पण गांजाच्या अशा केसमध्ये, जिथे दहा वर्षांखाली शिक्षाच देता येत नाही, तिथे पुडीचा हिशेब मागणं म्हणजे कीस पाडणं नाही. पुन्हा तो शब्द लिहू नकोस.

1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण करावंच लागतं. पुढच्या केसला आरोपपत्राआधीच तपास अंमलदाराला बोलाव. चित्रीकरण बघ, रजिस्टर स्वतःच्या हातात घे, पान उलटून बघ. तो चिडेल. चिडू दे.

आणि खंडपीठाच्या निकालाची प्रत पाठव. शेवटचं पान नको, सगळी पाठव.