टाकीचं ‘अन्वेषण’

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या सभेच्या इतिवृत्तात ‘पाण्याच्या टाकीच्या गळतीचे सखोल अन्वेषण करण्यात आले’ असं वाक्य आलंय. मी म्हटलं, साधं ‘पाहणी’ लिहा. सेक्रेटरींचं म्हणणं, पाहणी, तपासणी, छाननी, अन्वेषण सगळं एकच. मग जरा भारदस्त शब्द का नको? कुणाचं बरोबर?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : ‘अन्वेषण’ खोडा, यात शंका नाही. अनु आणि एषण मिळून तो शब्द झाला. माग काढत जाऊन शोधणं हा त्याचा अर्थ. आपल्या कानाला तो ‘गुन्हे अन्वेषण विभाग’ या पाटीवरून ओळखीचा. गळकी टाकी गच्चीवरच बसलेली असते, ती फरार नाही.

पण त्याजागी ‘पाहणी’च लिहावं, हे मात्र लगेच मान्य करता येत नाही. टाकीपाशी नेमकं काय केलंत, हे तुमच्या पत्रात नाही, आणि सगळं त्यावरच अडलंय. चौघं जिना चढून वर गेले, झाकण उचलून आत डोकावले, ओल कुठवर आली ते बघितलं, तर ती पाहणी. टाकी भरून रात्री आत येणारा आणि बाहेर जाणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह बंद केले, पाण्याच्या पातळीवर खूण केली आणि सकाळी ती ताडून बघितली, तर ती तपासणी. तपासणीला काहीतरी माप लागतं, खूण लागते. पाहणीला डोळे पुरतात.

म्हणून पाहणी हलकी, असं सेक्रेटरींना वाटत असेल तर त्यांना सातबारा दाखवा. पीकपाहणी हा महसुलाचा जुना शब्द. बांधावर जाऊन, उभं पीक स्वतः बघून मग नोंद करायची. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, तरी शेतकऱ्याला मोबाइल घेऊन शेतातच उभं राहावं लागतं. शब्दाची पत घालवली ती पुढाऱ्यांनी. सिंहस्थ जवळ आला की घाटांची पाहणी रोज वर्तमानपत्रात असते, फोटोसकट. निफाड-दिंडोरीचा द्राक्षबागाईतदार या बाबतीत आपल्यापेक्षा तल्लख. गारपिटीनंतर गाड्यांचा ताफा येऊन जातो ती पाहणी; तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक बागेत येऊन कागद करतात तो पंचनामा. भरपाई पंचनाम्यावर मिळते, हे त्याला कोश उघडून बघावं लागत नाही.

छाननीची गोष्ट वेगळी. छानणं म्हणजे चाळणं, तेव्हा छाननीत काहीतरी बाजूला पडायलाच हवं. उमेदवारी अर्जांची छाननी म्हणतात ते याचसाठी. तिथे अर्ज बाद होतात. सराफांच्या पेढ्यांपुढची माती गोळा करून, धुऊन त्यातून सोन्याचे कण काढणारे झारेकरी असतात, त्यांचं काम अस्सल छाननीचं. तुमच्याकडे प्लंबरांची कोटेशनं आली असतील तर त्यांची छाननी करा. टाकीची होत नाही.

‘गळतीचा शोध घेतला’ असंही कुणी सुचवेल. चालेल, भोक सापडलं असेल तर जास्तच. या शब्दाबद्दल मला थोडी माया आहे, कारण मी छापखान्यात मुद्रितशोधक, म्हणजे प्रूफरीडर, होतो. शोध शुध् धातूपासून आला, म्हणजे मुळात शुद्ध करणं. पुढे मराठीत त्याचा रोजचा अर्थ हुडकणं असा झाला, पण मुद्रितशोधकात जुना अर्थ अजून शाबूत आहे. ओळखीचे लोक विचारायचे, छापखान्यात तुम्ही शोधता तरी काय, हरवलेले खिळे? त्या अर्थानं पाहिलं तर टाकी धुऊन घेतलीत की तिचं शोधन झालं. गळती मात्र तशीच राहील.

राहिला ‘सखोल’. टाकीत कुणी उतरलं नसेल तर तोही काढा. भारदस्त शब्दाखाली केलेलं काम झाकलं जातं, न केलेलंही झाकलं जातं, आणि सभेत पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. सेक्रेटरींचा तसा हेतू असेल असं मी म्हणत नाही. इतिवृत्तात एवढंच येऊ द्या : ‘अमुक तारखेस टाकी रात्रभर बंद ठेवून पातळी तपासली, पाणी इतकी बोटे उतरले.’ रात्रभर बंद ठेवलीच नसेल, तर आधी तेवढं करा आणि पुढच्या सभेत लिहा.