लग्नासाठी भारतात जाताना शाळेला ‘मुलगी आजारी आहे’ असे कळवावे का?

कृपया तसे कळवू नका. भावाचे लग्न साताऱ्यात आहे आणि इंग्लंडमधील शाळा सुरू असताना मुलीला आठवडाभर न्यायचे आहे, ही तुमची अडचण मी समजू शकते. आमच्या घरीही हा प्रसंग येऊन गेला आहे. रजेचा अर्ज प्रवासापूर्वीच, शक्यतो तिकिटे काढण्याआधी, मुख्याध्यापकांकडे द्यावा आणि त्यात लग्नाची तारीख, नाते व परतीचा दिवस स्पष्ट लिहून पत्रिकेची प्रत जोडावी. रजा केवळ अपवादात्मक परिस्थितीत मिळते व तो निर्णय सर्वस्वी मुख्याध्यापकांचा असतो, त्यामुळे नकारही येऊ शकतो.

परवानगीविना दहा शालेय आठवड्यांत दहा अर्धे दिवस, म्हणजे पाच पूर्ण दिवस, बुडाले की दंडाचा विचार होतो. ऑगस्ट 2024 पासून हा दंड प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला 160 पौंड असून पहिल्या वेळी 21 दिवसांत भरल्यास 80 पौंड आहे. ही रक्कम लहान नाही, हे मान्य. तरीही ती खोटेपणापेक्षा परवडते, असे माझे ठाम मत आहे.

कारण त्या खोट्याचा भार मुलीवर येतो. हातावरची मेंदी अजून पुसलेली नसताना बाई प्रेमाने ‘आता पोट बरे आहे ना?’ असे विचारतील, तेव्हा सात वर्षांच्या मुलीने काय उत्तर द्यावे? आम्ही खरे सांगितले होते. परतल्यावर आमच्या मुलीने वर्गात मुंडावळ्या आणि अंतरपाट म्हणजे काय ते समजावून सांगितले.