टाकी मोठी बसवली, पण पेट्रोल खाली उतरतंय का?

प्रश्न: माझी जुनी लॅम्ब्रेटा स्कूटर आहे, इंजिन ट्यून केलेलं, त्यामुळे ऍव्हरेज २० च्या आसपासच मिळतं आणि कंपनीची टाकी जेमतेम ८ लिटरची, सारखं पंपावर थांबावं लागतं. म्हणून १४ लिटरची लाँग रेंज टाकी बसवून घेतली. हळू चालवली तर गाडी मस्त, पण फुल थ्रॉटलवर १०-१५ मिनिटं गेली की गुदमरल्यासारखी करून बंद पडते, दोन मिनिटं थांबलं की परत एका किकमध्ये चालू. मेकॅनिक म्हणतो मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) मोठा टाकू. टाकू का?

उत्तर: नको, जेटला आत्ता हातच लावू नका. थांबल्यावर आपोआप चालू होते म्हणजे फ्लोट चेंबर, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल साठवणारी छोटी वाटी, रिकामा होतोय आणि तुम्ही उभे असताना तो परत भरतोय, मोठा जेट टाकलात तर अजून लवकर रिकामा होईल. या स्कूटरना पेट्रोल पंप नसतो, जे काही उतरतं ते टाकीच्या उंचीवर आणि टाकीखालच्या पेट्रोल कॉकच्या भोकावर.

घरी करून बघण्यासारखी टेस्ट आहे. टाकीत एखाद-दोन लिटरच ठेवा, इंजिन थंड असताना मोकळ्या हवेत कार्बोरेटरकडचा पाईप काढा, त्याच उंचीवर धरून मापाच्या भांड्यात बरोब्बर एक मिनिट पेट्रोल सोडा. ८० च्या स्पीडला, २० च्या ऍव्हरेजने तासाला ४ लिटर लागतं, म्हणजे मिनिटाला ६७ मिली, आणि चढावर फुल थ्रॉटल दिला की त्याहून बरंच जास्त. २०० मिलीच्या खाली भरलं तर मी ती गाडी लांब नेणार नाही. मग तीच टेस्ट टाकीचं झाकण उघडं ठेवून करा, धार वाढली तर झाकणाचं हवेचं भोक बंद आहे, ते साफ केलं की काम झालं. फरक नाही पडला तर मोठ्या भोकाचा फास्ट फ्लो कॉक घ्या आणि मधे कागदी फिल्टर घातला असेल तर तो काढा, तो पंपवाल्या गाड्यांसाठी असतो. पाईपही बघा, टाकी फ्रेमला फिक्स असते पण इंजिन मागच्या चाकाबरोबर वरखाली होतं, त्यामुळे कोणाला तरी सीटवर बसवून पाईप कुठे दुमडतोय का ते नीट बघा.

हे सगळं झाल्याशिवाय हायवेवर जाऊ नका, मनापासून सांगतोय. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच येतं, पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी आणि वर मिक्स्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होऊन इंजिन तापतं, पिस्टन जाम होतो आणि मागचं चाक पळत्या गाडीत लॉक होतं. तसं वाटलंच तर पहिले क्लच दाबा.

प्रश्न: फायबरची टाकी हलकी आहे म्हणतात, घेऊ का?

उत्तर: इथेनॉलवाल्या पेट्रोलसाठी नको. बऱ्याच फायबर टाक्यांचं रेझिन इथेनॉलने मऊ पडतं आणि तो चिकटा कार्बोरेटरमध्ये येतो. स्टीलची किंवा ऍल्युमिनियमची घ्या, पाईपही इथेनॉल चालणारा घ्या. वजनाचं टेन्शन नको, ६ लिटर जादा पेट्रोल म्हणजे साडेचार किलोच्या आसपास.

प्रश्न: नवीन टाकीत ऑइल किती आणि रिझर्व्हवर किती किमी जाईल?

उत्तर: ऑइल टाकीच्या साईजवर नाही, जेवढं पेट्रोल भरताय त्यावर. ४ टक्के असेल तर लिटरला ४० मिली, २ टक्के असेल तर २०, आणि अर्धी टाकी भरताना पूर्ण टाकीचं ऑइल ओतू नका. रिझर्व्हचा जुना अंदाज मात्र विसरा, टाकीचा तळ बदलला की कॉकच्या नळीखाली किती पेट्रोल उरतं तेही बदलतं. गाडी रिझर्व्हला आली की उरलेलं सगळं भांड्यात काढून एकदा मोजा आणि तो आकडा सीटखाली लिहून ठेवा.