शंभर दिनार

प्रिय बाळा,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. जिवाभावाच्या मैत्रिणीने तुझी खाजगी गोष्ट चारचौघांत फोडली, तू तिला "जाऊ दे, काही झालं नाही" म्हणालीस, आणि तेव्हापासून प्रार्थनेला बसलं की शब्दच सुचत नाहीत. मी खरी ख्रिस्ती नाही का, असं विचारलं आहेस.

आहेस. पण "काही झालं नाही" हे खरं नव्हतं, आणि तिथेच गाडं अडलंय असं मला वाटतं.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायातला, येशूने सांगितलेला निर्दय चाकराचा दाखला पुन्हा वाच. त्याला राजाचं देणं होतं दहा हजार तालांत. एका तालांताचे साधारण ६,००० दिनार, आणि दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी! वर्षाचे ३०० दिवस राबला तरी फेडायला २ लाख वर्षं लागतील. तरीही तो म्हणतो, मला मुदत द्या, सगळं फेडतो. आपण देवापुढे असेच बोलतो. उपदेशांत बहुधा याच आकड्यावर भर असतो, आणि तो योग्यच आहे.

पण तू दुसऱ्या आकड्याकडे बघ. राजाने सगळं देणं सोडलेल्या याच चाकराचे सोबतीच्या चाकराकडे शंभर दिनार येणं होतं, आणि ते त्याने सोडलं नाही. शंभर दिवसांची मजुरी, तीन महिन्यांहून जास्त कष्ट. प्रभूला तिथे क्षुल्लक रक्कम सांगता आली असती. त्याने नाही सांगितली. माणूस माणसाचं जे नुकसान करतो ते खरं असतं, हे त्याने मान्य केलं आणि मग ते सोडायला सांगितलं. देणं नव्हतंच म्हटलं, तर सोडायचं काय?

हे मी उशिरा शिकलो. मंडळीच्या कामात एका सोबत्याने माझ्यावर हिशेबात लबाडी केल्याचा आळ घेतला होता. आठवड्याच्या आत मी सर्वांसमोर त्याला क्षमा केली आणि आपण फार आध्यात्मिक वागलो असं मला वाटलं. पुढची चार वर्षं तो गीत गायला उभा राहिला की माझा गळा दाटायचा, रागाने. शेवटी एका रात्री देवापुढे बसून मी एकेक गोष्ट मोठ्याने सांगितली: माझं नाव गेलं, झोप गेली, घरच्यांना मान खाली घालावी लागली. सगळं मोजून झाल्यावर म्हणालो, हे त्याच्याकडे मागणार नाही. त्या रात्री मला पहिल्यांदा रडू आलं.

प्रभूच्या प्रार्थनेत आपण ऋण "सोड" म्हणतो. मूळ ग्रीक क्रियापद अफिएमी. पेत्र आणि अंद्रिया हे कोळी भाऊ जाळी सोडून येशूमागे गेले, तिथेही मत्तयाने तेच क्रियापद वापरलं आहे. मराठीतही दोन्हीकडे "सोडणे"च आलं, याचा मला फार आनंद वाटतो. जाळं हातातून टाकल्याशिवाय पाऊल उचलत नाही. मात्र ऋणाचं हे जाळं पुन्हा पुन्हा हाताला चिकटतं. सकाळी सोडलं, संध्याकाळी परत हातात. किती वेळा क्षमा करायची यावर प्रभूने दिलेला सत्तर वेळा सात हा हिशेब एकाच जुन्या जखमेसाठीही लागू शकतो, हे अनुभवाने सांगतो.

आता तुझा दुसरा प्रश्न: तिला पुन्हा मनातलं सांगायलाच हवं का? नाही. योसेफाला भावांनी विकलं तेव्हा तो १७ वर्षांचा होता. पुढे तो मिसरात (इजिप्तमध्ये) मोठा अधिकारी झाला, आणि ते धान्यासाठी तिथे आले तेव्हा त्याने लगेच ओळख दिली नाही. धान्य दिलं, पैसेही गोण्यांत परत ठेवले, पण हे भाऊ बदललेत का ते पारखून पाहिलं. धाकट्या बन्यामिनाऐवजी मला गुलाम ठेवा असं त्यांच्यातला यहूदा म्हणाला, तेव्हा योसेफाचा बांध फुटला. क्षमा तू एकटी करू शकतेस. विश्वास परत उभा राहायला दोघी लागतील, आणि वेळ लागेल. आणि समोरचा माणूस अजूनही इजा करत असेल, तर त्याच्यापासून दूर राहण्याने क्षमा खोटी ठरत नाही.

मनात असं सलत असताना आनंद कसा करायचा, याबद्दल थोडंच लिहितो, कारण तो ओढून आणता येत नाही. "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा" हे फिलिप्पैकरांस पत्रातलं वचन भिंतीवर लावलेलं तू पाहिलं असशील. प्रेषित पौलाने ते बंदिवासातून लिहिलं. त्याच्या दोनच वचनं आधी तो युवदीया आणि सुंतुखे या तिथल्या मंडळीतल्या दोघींना एकचित्त व्हा म्हणून विनवतो, आणि त्यांना साहाय्य कर असं आपल्या एका सोबत्याला सांगतो. दोन बायकांचं बिनसलेलं असताना, त्याच श्वासात आनंदाची आज्ञा! मन आधी स्वच्छ होईल, मग आनंद मिळेल, असं तो म्हणत नाही.

शिवाय गलतीकरांस पत्रात आनंद आणि सहनशीलता आत्म्याच्या एकाच फळात मोजली आहेत, आणि फळ रोज चाचपून पाहिल्याने पिकत नाही. खुद्द पौलाचंच बघ. सेवेच्या प्रवासात मार्क हा सोबती अर्ध्या वाटेत सोडून गेला म्हणून त्याला पुन्हा सोबत घ्यायला तो तयार नव्हता. त्यावरून सहकारी बर्णबाशी एवढं पेटलं की दोघे वेगळे झाले. पुष्कळ वर्षांनी आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहिताना तोच म्हणतो, मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. मधल्या वर्षांत दोघांत काय घडलं ते शास्त्र सांगत नाही.

आज रात्री एक कागद घे आणि तुझे शंभर दिनार लिहून काढ, एकही न वगळता. मला दाखवू नकोस. देवापुढे वाच. शब्द सुचले नाहीत तर नुसतं "आमच्या स्वर्गातील पित्या" एवढं म्हणून गप्प बस. मीही त्या वेळी तुझ्यासाठी प्रार्थनेत असेन.

तुझा काका