रिव्हर्टची वाट

अंबडच्या एका कारखान्यात नव्याने लागलेल्या मुलाने विचारलंय: साहेबांना इंग्रजीत मेल लिहिताना शेवटी 'प्लीज रिव्हर्ट' लिहितात आणि मित्राला 'रिप्लाय'. मग 'रिव्हर्ट' जास्त औपचारिक का?

औपचारिक कसला, कोट घातलेली चूक आहे ती! त्यातून 'रिव्हर्ट बॅक' म्हणजे तर गाईचं गोमूत्र. 'रि'मध्येच 'परत' आलं. रिव्हर्ट म्हणजे पूर्वपदावर जाणं. आमच्या ओळखीच्या एका द्राक्षवाल्याने नेदरलँड्सच्या गिऱ्हाइकाला लिहिलं, 'प्लीज रिव्हर्ट ऑन रेट'. तिकडून विचारणा आली, कोणत्या जुन्या दरावर जायचं म्हणता?

पण शब्द मोठा गोड आहे हो. मूळ लॅटिन 'वेर्तेरे', म्हणजे वळवणे. आपल्या 'वृत्' धातूचं सख्खं भावंड. वर्तुळ त्याचंच, वृत्तान्त आणि वर्तमानपत्रही त्याचंच. समईतली वातसुद्धा! संस्कृत 'वर्ति', म्हणजे वळलेली. आजी मांडीवर कापूस घेऊन वाती 'वळायची', तेव्हा व्युत्पत्तीच सांगत होती म्हणायची. आणि 'वाट'? 'वर्त्मन्', प्राकृतात 'वट्ट', मराठीत वाट. म्हणजे 'तुमच्या रिव्हर्टची वाट पाहतोय' म्हणणारा बिचारा एकाच धातूच्या दोन टोकांना लोंबकळत असतो.

हे खूळ आलं कुठून? माझं मत पक्कं आहे: 'उलट टपाली कळवावे'. कुण्या कारकुनाने त्यातल्या 'उलट'चंच इंग्रजी केलं असणार. आमचे एक निवृत्त प्राध्यापक म्हणतात, 'उलट टपाली' हेच मुळी इंग्रजीवरून उचललेलं. असेल! उसनं आणलेलं भांडं परत करताना आपण चेपवून दिलं, एवढंच त्यातून सिद्ध होतं. दुसरे एक जण ऑक्सफर्डचा कोश नाचवतात, त्यात रिव्हर्टचा 'उत्तर देणे' हा अर्थ दिलाय म्हणून. दिलाय ना, पण 'भारतीय इंग्रजी' अशी चिठ्ठी चिकटवून. ती चिठ्ठी वाचायची तसदी कोण घेणार?

हां, तुमचा प्रश्न. साहेबांना 'आय लुक फॉरवर्ड टु युअर रिप्लाय', मित्राला 'लेट मी नो'. आणि तेवढं 'रिस्पेक्टेड सर' काढून 'डिअर सर' करा. 'डिअर' लिहिलं म्हणून साहेब गळ्यात पडत नाहीत.