ब्रेकच्या डिस्क झिजलेल्या निघाल्या, डीलर म्हणतो गाडी 'आहे तशी' घेतलीत

प्रश्न : मी साताऱ्याला राहतो. पुण्यातल्या जुन्या गाड्यांच्या एका डीलरकडून २०१८ची पेट्रोल हॅचबॅक ४ लाख ६० हजारांना घेतली. रनिंग ५८ हजार. सोबत तपासणीचा तक्ता दिला, त्यात 'ब्रेक – ओके' अशी खूण आहे. चोविसाव्या दिवशी खंबाटकी घाट उतरताना स्टिअरिंग थरथरू लागलं आणि पुढच्या चाकांतून खरखर ऐकू आली. तोवर गाडी ११४० किलोमीटर चालली होती. सर्व्हिस सेंटरच्या मते, ब्रेक दाबल्यावर डिस्कला घासणारे पॅड जवळपास नवे आहेत, पण दोन्ही डिस्क मर्यादेपेक्षा पातळ झाल्यात. डिस्क, पॅड, मजुरी मिळून खर्च ११,८०० रुपये. डीलर म्हणतो, तुम्ही 'आहे त्या स्थितीत' या अटीवर सही केलीत, वॉरंटी फक्त इंजिन-गिअरबॉक्सची आहे, आणि आम्ही तर नुसते मध्यस्थ. गाडी परत देता येईल का? दुरुस्ती करून घेतली तर पुरावा जाईल का?

उत्तर : आधी गाडी चालवणं थांबवा. डिस्क जितकी पातळ तितकी ती लवकर तापते. घाटात सलग ब्रेक दाबले की पकड सुटत जाते, आणि डिस्कला तडा जाण्याचीही भीती असते. शिवाय ब्रेक धोकादायक आहेत हे कळल्यावरही गाडी रस्त्यावर आणलीत तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०खाली दोष तुमच्यावर येतो, आणि उद्या अपघात झाला तर डीलर त्याच्यामागे लपेल.

आता मूळ मुद्दा. डीलर 'वॉरंटी' आणि 'झीज' हे दोनच शब्द पुढे करतो आहे. तुम्ही त्या वादात शिरू नका. गाडी घेतल्यानंतर काय बिघडलं, हा वॉरंटीचा प्रश्न. तुमची तक्रार वेगळी आहे : किल्ली हातात दिली त्या दिवशीच गाडीत काय होतं, आणि त्याबद्दल लेखी काय सांगितलं गेलं. वापरलेल्या गाडीची डिस्क थोडी झिजलेली असणारच, त्याला कोणी दोष म्हणणार नाही. पण डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर कंपनीने किमान जाडी कोरलेली असते. त्या आकड्याखाली गेलेली डिस्क 'थोडी जुनी' नसते, ती वापरातून बाद झालेली असते. तिच्यापुढे 'ओके' लिहिणं म्हणजे खोटी माहिती देणं.

हे सिद्ध करायला तुमच्याकडे फार चांगला पुरावा आहे, आणि तो म्हणजे नवे पॅड. डीलर म्हणेल, तुम्हीच महिनाभर ब्रेक रगडले. पण पॅडचं मटेरियल संपून मागची लोखंडी पट्टी डिस्कला घासली, तरच डिस्क झपाट्याने खराब होते. तुमच्या पॅडवर मटेरियल भरपूर आहे, म्हणजे तुमच्या ताब्यात तसं काही झालेलं नाही. एवढी झीज ११४० किलोमीटरमध्ये होत नाही. उलट कुणीतरी विक्रीआधी चाकं काढली, पॅड धरणारे कॅलिपर उघडले, खरवडलेल्या डिस्क पाहिल्या आणि त्यांच्यावरच नवे पॅड चढवले. ते डीलरच्याच गॅरेजमध्ये झालं असेल, तर 'आम्हाला माहीत नव्हतं' हे कोणी मानणार नाही. म्हणून डीलरला पाठवायच्या नोटिशीत त्याच्याकडे पॅड बदलल्याचं बिल किंवा जॉब कार्ड जरूर मागा.

दुरुस्ती करायला हरकत नाही, पण क्रम चुकवू नका. डीलरला व्हॉट्सॲप आणि ईमेल दोन्हींवर कळवा : अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक सर्व्हिस सेंटरमध्ये चाकं उघडणार आहोत, तुमचा माणूस पाठवा. निदान दोन दिवसांची मुदत द्या. तो आला नाही तरी तुमचं काम झालं, त्याला संधी दिली होती हे नोंदलं गेलं. चाक उघडायच्या आधी नंबरप्लेट आणि ओडोमीटर एकाच व्हिडिओत घ्या, आणि तो न थांबवता चाक निघेपर्यंत चालू ठेवा. कोरलेल्या आकड्याचा जवळून फोटो काढा.

मोजमाप मायक्रोमीटरनेच करायला सांगा. झिजलेल्या डिस्कच्या बाहेरच्या काठाला पॅड लागत नाही, त्यामुळे तिथे न झिजलेली कड उभी राहते. साध्या वर्नियरचे जबडे त्या कडेवर टेकतात आणि जाडी खऱ्यापेक्षा जास्त दिसते. समजा, किमान २० मिलिमीटर कोरलेलं आहे आणि डिस्क खरी १८.७ आहे, वर्नियर तिला २०च्या वर दाखवू शकतो, आणि समोरचा वकील नेमका तोच आकडा पुढे करेल. काठापासून साधारण एक सेंटिमीटर आत, गोलाकार सहा-आठ ठिकाणी मापं घ्यावीत. जॉब कार्डवर डाव्या-उजव्या डिस्कची मापं, पॅडची उरलेली जाडी, तारीख, रनिंग आणि मेकॅनिकची सही हवी. नुसतं 'डिस्क खराब' असं लिहिलेलं कार्ड फारसं कामाला येत नाही.

जुन्या डिस्क आणि पॅड भंगारात जाऊ देऊ नका. डावी-उजवी चिठ्ठी लावून, पिशवीत बांधून घरी ठेवा. ग्राहक आयोगाला ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८खाली वस्तू प्रयोगशाळेकडे तपासणीसाठी पाठवता येते. वस्तूच नसेल तर तपासणार काय?

'आहे त्या स्थितीत' या अटीला घाबरू नका, पण ती निरर्थक आहे असंही समजू नका. माल विक्री कायदा, १९३०चं कलम १६ म्हणतं की, त्या मालाचा धंदा करणाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेला माल विकण्याजोग्या दर्जाचा असला पाहिजे. कलम ६२ मात्र ही हमी कराराने काढून टाकू देतं. त्यामुळे फक्त कलम १६वर विसंबलात तर ती सही आडवी येईल. ती सही खोट्या माहितीला मात्र संरक्षण देत नाही. एका कागदावर 'ब्रेक ओके' आणि दुसऱ्यावर 'जशी आहे तशी', असं दोन्ही तोंडांनी बोलता येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम २(४७)मध्ये मालाच्या दर्जाबद्दल खोटं सांगणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे; तक्रार तिच्यावर उभी करा. अट 'अन्यायकारक करार' म्हणून रद्द करा, अशी मागणी मात्र जिल्हा आयोगापुढे करू नका. तो अधिकार राज्य आयोगाचा आहे आणि त्या एका ओळीवरून अधिकारक्षेत्राचा वाद उभा राहतो.

टेस्ट ड्राइव्ह घेतली होती, असंही डीलर म्हणेल. खरेदीदाराने तपासताना दिसायलाच हवा होता, अशा दोषाला कलम १६ लागू होत नाही, हे खरं. पण स्टीलच्या रिमवर व्हीलकॅप असेल तर डिस्क दिसतच नाही, आणि जाडी तर चाक काढल्याशिवाय कळत नाही. तुम्ही स्वतःचा मेकॅनिक नेला होता का, हे प्रश्नात लिहिलेलं नाही. नेला असेल आणि त्याने चाक काढून पाहिलं असेल तर ही बाजू थोडी कमकुवत होईल.

मध्यस्थ असल्याचा दावा कागदावर तपासा. पैसे कुणाच्या खात्यात गेले, पावती कुणाच्या नावाची, तपासणीच्या तक्त्यावर शिक्का कुणाचा? १ एप्रिल २०२३पासून केंद्रीय मोटार वाहन नियम ५५ए आणि पुढच्या नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं प्राधिकारपत्र लागतं, आणि गाडी ताब्यात घेतल्याची सूचना नमुना २९सीमध्ये द्यावी लागते. त्या कागदाची प्रत मागा. तो खरंच मध्यस्थ निघाला तरी तपासणी त्याने केली, म्हणून सेवेतल्या त्रुटीसाठी तो जबाबदार राहतो.

गाडी परत करण्याचा आग्रह मी धरणार नाही. बारा हजारांत दूर होणाऱ्या दोषासाठी आयोग साडेचार लाख परत करायला सांगेल, अशी आशा ठेवू नका. इंजिन, चासी किंवा ओडोमीटरमध्येही गडबड निघाली तर गोष्ट वेगळी. आज मागायचं ते दुरुस्तीचं बिल, टोइंग, तपासणीचा खर्च, मनस्तापाची वाजवी भरपाई आणि तक्रारीचा खर्च.

पंधरा दिवसांची नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा. उत्तर नाही आलं तर १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करा, आणि मग साताऱ्याच्याच जिल्हा आयोगात जा. ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ३४ तक्रारदार राहतो तिथे दाद मागू देतं, पुण्याला खेपा घालायची गरज नाही. मोबदला, म्हणजे गाडीसाठी दिलेली किंमत, ५ लाखांपर्यंत असल्याने तक्रारीची फी शून्य आहे. मुदत दोन वर्षांची आहे, पण इतकं थांबू नका. व्हॉट्सॲपचे संदेश जोडताना इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र सोबत लावा.

नोटीस मिळाल्यावर बरेच डीलर 'गाडी आणा, करून देतो' म्हणतात. तयारी असेल तर जा, पण आधी लेखी घ्या : दोन्ही बाजूंच्या नव्या डिस्क आणि नवे पॅड, पार्ट नंबरसह बिल, जुने भाग तुमच्या ताब्यात. लेथवर फिरवून गुळगुळीत केलेली डिस्क चालणार नाही, हे त्यात स्पष्ट लिहा, कारण लेथवर ती आणखी पातळ होते.