‘पुट अप’ आणि ‘पुट अप विथ’ यांतला फरक

अंधेरीच्या मुलाखतीत ‘व्हेअर डू यू पुट अप?’ असं विचारलं, ते बरोबर का आणि ‘पुट अप विथ’शी त्याचं नातं काय, असा तुमचा प्रश्न आहे.

समोरच्याला ‘तुम्ही कुठे राहता?’ एवढंच विचारायचं होतं. आपल्याकडे हे सर्रास बोलतात, त्यामुळे बावरून जाऊ नका; ‘आय लिव्ह इन डोंबिवली’ असं सरळ सांगा. स्वतः मात्र असं विचारू नका. इंग्लंड-अमेरिकेतल्या माणसाला ‘पुट अप’ म्हटलं की तात्पुरता मुक्काम आठवतो: हॉटेलात दोन रात्री, लग्नाला आल्यावर मावशीकडे. ज्या घराचं लाइटबिल दरमहा भरता, तिथे तुम्ही ‘लिव्ह’ करता.

कुणाची राहायची सोय केली की ‘माय आँट पुट मी अप’, म्हणजे मावशीने मला ठेवून घेतलं. वस्तूबद्दल बोलताना अर्थ उभारणं किंवा वर लावणं: मंडप, पोस्टर, पडदे. चर्चगेटबाहेर पाऊस लागल्यावर छत्री उघडतो तेही ‘पुट अप’च. घरमालकाने भाडं वाढवलं तर ब्रिटिश लोक ‘ही पुट अप द रेंट’ म्हणतात. मंत्रालयातलं ‘फाइल पुट अप करा’ हे मात्र आपल्या सरकारी इंग्रजीतलं. परदेशी सहकाऱ्याला मेल करताना तिथे ‘सबमिट’ लिहा.

आता ‘विथ’. खरी गफलत इथेच होते. हा एक शब्द जोडला की राहणं, उभारणं सगळं मागे पडतं आणि अर्थ होतो चालवून घेणं. ‘सहन करणे’ एवढंच पाठ केलंत तर अडाल, कारण हे त्रासाबद्दल आहे, शोकाबद्दल नाही. लोकलची गर्दी, शेजारचं ड्रिलिंग, बॉसचा तिरसटपणा यांना ‘पुट अप विथ’ चालतं. घरात कुणी गेलं असेल तर तिथे हा प्रयोग करू नका, फार कोरडा वाटतो. नकारात तर मराठी जोड अगदी चपखल आहे: ‘आय वोन्ट पुट अप विथ धिस’, मी हे खपवून घेणार नाही.

सर्वनाम कुठे येतं तेही पाहा. ‘वी पुट देम अप’ म्हणजे आम्ही त्यांना घरी ठेवून घेतलं. ‘वी पुट अप विथ देम’ म्हणजे आम्ही त्यांना कसंबसं चालवून घेतलं. पाहुण्यांच्या देखत दुसरं वाक्य तोंडून गेलं तर पंचाईत! पहिल्यात ‘देम’ मधेच हवं, ‘पुट अप देम’ चूक. दुसऱ्यात तीन शब्द एकत्रच राहतात, मधे काही घालता येत नाही.

‘पुट’चं भूतकाळी रूपही ‘पुट’च. म्हणून ‘शी पुट्स अप विथ इट’ म्हणजे ती चालवून घेते, आणि शेवटचा ‘स’ गेला की चालवून घेतलं. ऐकताना कान त्या ‘स’कडे ठेवा.